तीनदा हौ

१० जुलै, गुरुवार. आषाढी पौर्णिमा

कट्टा बदलणार म्हणे!

आज विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. वाचन संपलं, खीर वाटली गेली, आणि वाटी चाटता चाटता दुलीचंद म्हणाला, "शालिक, आपला धम्मकट्टा आता थकला गड्या. नवा आणू." जणू चप्पल बदलायची आहे!

त्याच्या सुनेनं, आम्रपालीनं, लग्न होऊन आली त्याच वर्षी हा कट्टा कंप्युटरवर बांधून दिला होता. पावसाळ्यात लामत्याच्या, राजेगावच्या आपल्या लोकांना विहारात येणं होत नसे. त्यांनी घरी बसून वाचावं, प्रश्न विचारावेत, भांडावं. हिरवी पाटी, पिवळी अक्षरं. उघडला की मला आमच्या मराठी शाळेचा फळा आठवतो. खडूचा वाससुद्धा येतो. शेवंता म्हणते, "मोबाइलले कुठचा वास येते? नाक दाखवून या."

आम्रपालीचं म्हणणं वेगळं. "काकाजी, इसको अब कोई देखता नहीं. एखाद दिवशी कट्टाच बंद पडन, तो सब लिखा हुआ गया. मंग मले बोलू नका." परवा कुणी तरी त्रिसरणाच्या खाली जुगाराची जाहिरात चिकटवून गेलं, हे खरं आहे. लाज वाटली.

तरी पण. फळा पुसायचा का?

१३ जुलै, रविवार

आज अट कळली. नव्या कट्ट्यावर ज्याचं त्यानं आपला मोबाइल नंबर द्यायचा, खरं नाव लावायचं. टोपणनाव बंद! जुन्या कट्ट्यावर लिहिलेलं सगळं त्या खऱ्या नावाखाली जाऊन बसेल. श्रावण पौर्णिमेच्या आत ज्यानं नंबर दिला नाही, त्याचं लिहिलेलं इकडेच राहील आणि कट्ट्याबरोबर जाईल.

मग 'श्रोता' जाणार.

१४ जुलै

इथं तरी खरं लिहितो. ही वही शेवंता वाचत नाही. तिला माझं अक्षर लागत नाही, तेच बरं.

मी कट्ट्यावर रोज सकाळी वंदना झाली की चार ओळी टाकतो. माझ्याच. शाळेतल्या चालीवर म्हणता येतील अशा. खाणीच्या हजेरी ऑफिसात जन्म गेला, तिथं कुणाला कविता ऐकवणार? कट्ट्यावर लोक हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि पुढं जातात. चित्र टाकणं म्हणजे ऐकणं नव्हे. पण एक माणूस आहे. नाव 'श्रोता'. तो माझ्या प्रत्येक कवितेखाली एकच शब्द लिहितो —

हौ.

बस! ना वाहवा, ना फूल. गोष्ट सांगताना ऐकणारा 'हौ, हौ' करतो ना, तसा. मी कधी सकाळ चुकवली तर त्याचा हौ नसतो. दुसऱ्या दिवशी लिहिलं की असतो. एकदा दिंडी वृत्ताची चाल मोडली होती, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्या दिवशी त्याचा हौ संध्याकाळी उशिरा आला. म्हणजे अडखळला होता! मी सुधारून टाकली. लगेच — हौ.

कोण असेल? मला वाटतं, सत्यभामा. आमच्या वर्गात खिडकीशी बसायची. मी कविता म्हणायला उभा राहिलो की ती मान हलवायची. कुठं दिली, कुठं गेली, कळलं नाही. बाई असेल तर खरं नाव कशाला लावेल? गपचूप निघून जाईल.

१६ जुलै

दुलीचंदला सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? पहिलीपासून एका बाकावरचे आम्ही. खरं तर बाकावर बसायचो मी एकटाच. त्याला कविता कधी पाठच झाली नाही, मास्तर त्याला बाकावर उभं करायचे. मी खाली बसून चालीत म्हणायचो आणि तो वर उभा. ऐकायचा की खिडकीबाहेर पाहायचा, कुणास ठाऊक.

हनुमान चौकातल्या चहाच्या ठेल्यावर बसलो होतो. म्हणालो, "श्रोता गेला तर मी लिहू कोणासाठी?"

"कोण असन तुले वाटते?"

"सत्यभामा."

मला वाटलं, हसेल. एरवी माझ्या कवितेला हसतोच — "तुह्या कवितेनं वांग्याले फूल येते का बे?" पण हसला नाही. कपात पाहत बसला. मग म्हणाला, "तिचे आता दात तरी असतीन का?"

मी बजावलं, "नव्या कट्ट्याला माझं नाही समज. पुनारामचंही नाहीच येईल."

"पायतो," म्हणाला.

आमची रीत आहे. कट्ट्याचं काहीही बदलायचं तर आम्हा तिघा म्हाताऱ्यांना, म्हणजे लामत्याचा पुनाराम, दुलीचंद आणि मी, तीन-तीनदा विचारायचं. संघाची जुनी रीत. संघात तीनदा विचारल्यावर गप्प राहिलं की मान्य. आमच्यात गप्प कुणी राहत नाही, म्हणून 'हौ' म्हणायचं ठरलं. एकाचा जरी नकार आला तर काम थांबलं.

म्हणजे थांबलंच!

१७ जुलै

पुनारामला फोन केला. "तू म्हणशीन त नाई," म्हणाला. भला माणूस.

२० जुलै, रविवार

पाऊस. विहारात गेलो नाही. भुजंगप्रयात जमतो आहे —

नदीच्या तिरी सावळी सांज आली
दिव्यांच्या कडेने मने शांत झाली

पुढच्या चरणात एक गुरू अडकला होता. तेवढ्यात दुलीचंदचा फोन. आम्रपाली, नंबर, पैसे, सर्व्हर, काय काय बोलत होता. मी हौ हौ करत बोटांवर लगागा लगागा मोजत होतो. चरण सुटला! लगेच टाकला. श्रोता — हौ.

२७ जुलै, रविवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

वंदना झाली. दुलीचंद उठून उभा राहिला, हात जोडले, म्हणाला, "नव्या कट्ट्याबद्दल शालिकरामले तीनदा इचारलं. तिन्ही वेळा हौ म्हणला. माहं हौ हाये. शालिकचा आयकून पुनारामनंही हौ केलं. आता आपण साधुकार द्या."

आणि सगळं विहार — साधू! साधू! साधू!

मी उभा राहिलो. "अरे, फोनवरचा तो हुंकार होता! मी ऐकून राह्यलो होतो नुसता!" लोक हसले. मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आम्रपाली खाली पाहत होती. पुनाराम जवळ आला, "वा रे बाप्पा! मले म्हणे नाई म्हण, अन् सोता हौ म्हणून मोकळा! माह्या तोंडाले काळं कराले लामत्याहून बलावलं का?"

म्हणजे दगा मला झाला, आणि दगेबाजही मीच ठरलो.

सात दशकं माझा हौ ऐकणारा माणूस. त्याला कळलं नसेल की हा कोणता हौ? शेवंताला कळतो! घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, "तुमच्या हौले काही अर्थ हाये का? भाजीत मीठ जास्त झालं का — हौ. कमी झालं का — हौ. घराले आग लागली का — हौ. पण दुलीचंदभाऊले तं हे मालूम हाये ना."

हेच तर! तिला कळतं, त्याला कळलं नाही?

कळलं. कळूनच केलं.

२८ जुलै

त्याच्या घरी गेलो. आत बोलावलं तरी गेलो नाही, फाटकातच उभा राहिलो.

"काहून केलं?"

"तू हौ म्हणला."

"तुले माहीत होतं मी आयकत नव्हतो!"

"हौ. माहीत होतं." आणि मग वर मान करून, "शालिक, तुले कोणी आयकते याचाच तुले मोठा आनंद. तू कोणाचं कधी आयकलं का बे? त्या दिवशी फोनवर म्या तुले काय काय सांगून राह्यलो होतो, सांग बरं. एक गोष्ट सांग."

मला सर्व्हर तेवढं आठवलं.

म्हणालो, "माझं एकच माणूस होतं तिथं. तेही तू घालवलंस. आता माझ्या दारात येऊ नको."

तो काहीतरी म्हणाला. मी वळलो होतो.

३ ऑगस्ट, रविवार

विहारात गेलो, पण मागे बसलो, बायांच्या चपला असतात तिथं. तो पुढून वळून पाहत होता. मी बुद्धमूर्तीकडे पाहत राहिलो. मन शांत करायच्या जागी बसून मनात शिव्या देत होतो. हे बरं नाही.

आम्रपाली बाहेर भेटली. "काकाजी, नंबर दे दीजिए ना. तुमच्या कविता जातीन सगळ्या." दिला. तिची काय चूक?

"आणि ज्यांनी नाही दिला?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बहुतों ने दे दिया," म्हणाली. नावं मात्र सांगेना. "पौर्णिमेले पाहा."

६ ऑगस्ट

आज कट्ट्यावर कविता टाकली नाही. सरळ विचारलं — श्रोता, आपण कोण, हे मला नको. नाव कळलं की माणूस लहान होतो. तिकडे येणार का, एवढंच सांगा.

दिवसभर काही नाही.

संध्याकाळी — हौ.

कोणता हौ? येणारा, की नुसता ऐकणारा? आता मला कुठलाच हौ कळेनासा झाला. हेही त्यानंच केलं.

८ ऑगस्ट

हिरवी पाटी शेवटची पाहिली. शेवंता म्हणाली, "जेवा आता, कंप्युटरचं सुतक पाळू नका."

९ ऑगस्ट, शनिवार. श्रावण पौर्णिमा

नवा कट्टा सुरू झाला. उघडला नाही. पुनारामचा फोन आला — "अक्षरं मोठी हायेत बाप्पा, चष्मा लागत नाई! तू उगाच भेव दाखवलं." रागावलेलाही नाही आता. मी मात्र दिवसभर पडून होतो. सत्यभामा आली असेल तर नाव दिसेल. नसेल आली तर रिकामी जागा दिसेल. दोन्ही पाहवणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

शेवंतानंच उघडून मोबाइल हातात दिला. पांढरी पाटी. माझ्या कविता सगळ्या आल्या आहेत. सगळ्यात वर 'नदीच्या तिरी'. तिच्याखाली, जिथं श्रोता असायचा तिथं —

दुलीचंद : हौ.

खाली गेलो. दिंडी मोडलेली ती कविता. दुलीचंद : हौ. आणखी खाली, पार पहिल्या वर्षापर्यंत बोट ओढत नेलं. दुलीचंद. दुलीचंद. दुलीचंद.

शेवंता म्हणाली, "काय झालं? निंगाली का तुमची सत्यभामा? कोण होतं?"

म्हणालो, "बाकावर उभा राहायचा तो."