यंदाची वाइन कोण जुळवणार?

प्रिय मायलीस,

तुझ्याकडे मेंदोसात ऋतू आपल्या उलटे, तेव्हा आता द्राक्षं काढून झाली असतील, निवांत वाचशील म्हणून लिहितोय. इथे लोत नदी भरून वाहतेय आणि वेलींना वीतभर फुटवा आलाय. पण छप्पन सालच्या थंडीने आजोबांचा अख्खा मळा जाळला होता, तेव्हापासून अर्धा मे सरून गारठ्याचं भय जाईपर्यंत पीक चांगलं येणार असं आपल्या घरात कुणी मोठ्याने म्हणत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी आई मजेत आहे. गुडघा दुखतो, तरी बाजाराला गेल्याशिवाय तिला चैन पडत नाही. जानेवारीत मला ताप आला होता, हे तिने सांगितलंच असेल. उठलो त्या दिवशी तिने लसणाचं सूप केलं. तळाशी थोडं उरल्यावर मी आपल्या गावच्या रीतीने त्यात आपली वाइन ओतली, वाडगा तोंडाला लावला, तर कोमट पाणी प्यायल्यासारखं वाटलं. तापाने तोंडाची चव गेलीय, येईल, असं मनाशी म्हटलं आणि गप्प बसलो.

फेब्रुवारी गेला, मार्चही गेला. पूर्वी तळघराच्या पायरीवरच मला कळायचं, कुठल्या कोपऱ्यातलं पिंप बिघडायला लागलंय. आता भिंतींचा गारठा तेवढा जाणवतो. तरी रोज उतरायचो. पेला फिरवायचा, नाकाशी धरायचा, घोट घोळवून थुंकायचा. सगळं सवयीने व्हायचं, आत काही पोचायचं नाही.

एप्रिलअखेरीस शेजारचा गास्तों आला. मी त्याला माळावरच्या द्राक्षांचं एक पिंप चाखवलं आणि ऐटीत म्हणालो, "यंदाचं सगळ्यात चांगलं हेच." त्याने घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. "आंसेल्म, मस्करी करतोयस ना? ह्याचं सॅलडवर घालायचं व्हिनेगर झालंय रे." मी हसलो. तो हसला नाही. हळूच म्हणाला, "केव्हापासून?" ज्याच्याशी जन्मभर बांधावरून भांडलो, त्याला सगळ्यात आधी सांगावं लागलं.

मग आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "वाटलंच मला. ईस्टरला बदक करपलं होतं आणि तू दुसऱ्यांदा मागून घेतलंस."

डॉक्टर म्हणतात, वास परत येईल, कदाचित येणारही नाही. आई मदतीला तळघरात उतरली. तिच्या हातात पेला दिला, विचारलं, कसला वास येतोय? "वाइनचा. आणखी कसला यायला हवा?" वर म्हणाली, बोर्दोहून एखादा जाणकार बोलवू. माझं डोकंच फिरलं. "स्वतःची वाइन खपेपर्यंत ज्या बोर्दोवाल्यांनी शेकडो वर्षं आपल्या इकडची पिंपं बंदरात अडवून धरली, त्यांचं नाक भाड्याने आणू?"

"ते मेले रे कधीच," आई म्हणाली. "वाइन जुळवायची कुणी, ते बोल."

तिचं बरोबर होतं. नदीकाठचं किती घ्यायचं, उतारावरचं किती, माळावरचं किती, हे आता ठरायला हवं. आधी आजोबा ठरवायचे, मग मी. तू इथे होतीस तेव्हा दर वर्षी आपलं वाजायचं. तुला माळावरचं जास्त हवं असायचं. "बाबा, ही वाइन म्हाताऱ्यांसाठी आहे," म्हणायचीस. मी म्हणायचो, "विकत म्हातारेच घेतात." तुझ्या खोलीत आईने आता अक्रोड वाळत घातलेत, पण पलंगावर नाही. तिथे कुणालाच काही ठेवू देत नाही.

काल गास्तों येऊन म्हणाला, हवं तर मी चाखून देतो. मनापासून म्हणत होता. मी त्याला थांबायला सांगितलं, कारण आधी तुला विचारायचं होतं. येशील का, पोरी? नोकरी सोड असं म्हणत नाही, थोडे दिवस ये. मी पिंपं उघडून देईन, पेले धुईन. प्रमाण तूच ठरव, माळावरचं वाटेल तेवढं घाल, आणि मला विचारू नकोस. खरंच सांगता येणार नाही. तू जुळवलीस तर यंदाच्या बाटलीवर तुझंच नाव छापायचं, हे आईशी बोलून ठरवलंय. हेच सांगायला गेल्या दोन्ही रविवारी फोन हातात घेतला होता. दोन्ही वेळा पाऊसपाण्याचं बोललो आणि फोन आईकडे दिला. म्हणून लिहिलं.

तुझाच,
बाबा