क्लाराची नक्कल

८ नोव्हेंबर, मोहम्मद बिन झायद सिटी
इथल्या आखाती मराठी मंडळाच्या नाटकात क्लारा मीच. दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिकन नटी. सहा वर्षांची मुलगी खाणावळवाल्या बाईकडे ठेवून गावोगाव प्रयोग करत हिंडते. माझ्या वाट्याला नेमकी हीच यावी! आमची आईही नाटकाच्या दौऱ्यावर असायची आणि मी मिरजेला मावशीकडे. दिग्दर्शक सतीशराव म्हणाले, "तुझ्याइतकं हे कोणाला कळणार?" कळतं की. म्हणूनच राग येतो.

११ नोव्हें.
सतीशरावांचं नवं खूळ. त्या काळी तिकडे नटीला आख्खं नाटक देत नसत. फक्त तिची वाक्यं आणि प्रत्येकाआधी समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. आपणही तसंच करायचं म्हणे. "यल्ला, चला, घरी पाठ करा." फक्त माझ्या वाक्यांची सात पानांची 'नक्कल' मिळाली. निरोपाच्या प्रवेशात मुलीचे दोनच शब्द: "...उठवशील ना?" त्यावर मी: "हो राणी, उठवीन."

१४ नोव्हें.
रेवाला समोर बसवणार होते. "मम्मा, आय हॅव अ टेस्ट टुमॉरो." लेक पसार. मग व्हिडिओ कॉलवर आईलाच धरलं. ती दादाकडे असते. गेलं वर्षभर मला ओळखत नाही, पण नाटक म्हटलं की ताठ बसते. म्हटलं, तू फक्त 'उठवशील ना' म्हण. तिने लहान मुलीच्या आवाजात आख्खं वाक्यच म्हटलं, "आई, मी झोपले असले तरी जाताना उठवशील ना?"
हे नाटकातलं नाही. हे मी म्हणायचे, दर दौऱ्याच्या आदल्या दिवशी. तिने एकदाही उठवलं नाही.
"अहो बाई, तुमचं वाक्य," आई म्हणाली. मग आपणहून, "उठवलं असतं तर पाय निघाला नसता हो. दारातून बघून जायचे."
चाळीस वर्षं माझ्याकडे फक्त माझीच वाक्यं होती. फार रडले.

२० नोव्हें.
दादाचा फोन. आई कालपासून डोळे उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलवून घ्या. प्रयोग परवा. सतीशरावांना सांगितलं, मी चालले. ते म्हणाले, "खलास, विषय संपला. नाटकाचं मी बघतो. तू जा." आई माझ्या जागी असती तर प्रयोग करूनच निघाली असती.
दादाला फोन तिच्या कानाशी धरायला लावला. सांगायचं खूप होतं. तोंडून तेवढंच आलं. "आई, मी झोपले असले तरी जाताना उठवशील ना?"
दादा म्हणतो, ओठ हलले. दादाला काय, काहीही दिसतं.
बॅग भरली. नवरा चारला येऊन विमानतळावर सोडणार. तोवर जरा पडते. फोन उशाशी घेतलाय, आवाज पूर्ण वाढवून.