दहावं सायटेशन

२ जानेवारी. सकाळ.
संकल्प: या वर्षी दहा. माझ्या नेटवर्किंगवरच्या पेपरला नऊ सायटेशन आहेत, म्हणजे नऊ ठिकाणी संशोधनात त्याचा आधार घेतलाय. (सहा ठिकाणी मीच घेतलाय. पण माझ्याइतका बारकाईनं तो वाचलाय तरी कुणी?) दोन आकडी झालो की जगात मोजलो जाणार.
विषय: वसमतच्या हळदीच्या रानात वायरलेस सिग्नल का हरवतो. अकरा पानं. वर शोभेला आमच्या बेगम खुर्शीदबीच्या दोन ओळी घातल्या होत्या. हळद शिजवताना ती गुणगुणते त्या:
पानाआड पान, हळद उभी रानी,
सांगावा निघाला, पोचला ना कानी.
खाली तिचं नाव दिलं. उसनवारी लपवणं संशोधकाला शोभत नाही.

४ जानेवारी.
जवळा बाजारला जुन्या शाळेत गेलो. चौथीत याच स्टेजवर कविता म्हणताना तिसरं कडवं विसरलो होतो. गुरुजींनी दंडाला धरून खाली उतरवलं. तेव्हापासून एकदा तिथं मानानं चढायचं आहे. हेडमास्तर रामकिशन कॉलेजात माझा विद्यार्थी. म्हणाला, सर, स्नेहसंमेलनाला कमिटी कोण्या सिरियलवाल्याला बोलावून राहिली, तुमचं काही मोठं झालं तर सांगा. झालंच समज, म्हणालो.

५ जानेवारी.
सकाळपासून सायटेशन मोजणारं गूगल स्कॉलर रिफ्रेश. नऊ. नेट स्लो असावं.
दुपार. नऊच. खुर्शीदबी म्हणाली, आतिफचे अब्बा, दुधाकडं बघा म्हणलं होतं, आता चुलीकडं बघा. संशोधकाच्या बायकोला तकलीफ असायचीच.

९ जानेवारी.
दहा!!!
तेही नॉर्वेहून! जिथं हळदीचं पान उगवत नाही तिथं माझा पेपर उगवला. त्यांचा पेपर उघडायला डॉलर मागतात, म्हणून वाचला नाही. रामकिशनला फोन: पाहुणा पक्का, म्हणजे मी. गल्लीत जिलेबी. शेजारचा नेमसिंग जिलेबी खाता खाता म्हणाला, सर, तुमच्याबद्दल लिहिलं काय त्यात? म्हणालो, चांगलंच असणार. तर म्हणे, म्हंजे वाचलंच न्हाई व्हय? अरे, लग्नपत्रिका आली की आपलं नाव बघतात. मजकूर कोण वाचतं?

११ जानेवारी.
भाषण तयार. सुरुवातीला ती चौथीतली कविता, संपूर्ण. तिसरं कडवं आरशापुढं एकदा जमलं, एकदा नाही. आरसा डाग पडलेला आहे. खुर्शीदबीनं विचारलं, सिग्नलचं कवा बोलणार? वेळ उरला तर, म्हणालो.

१४ जानेवारी.
रामकिशनला परदेशी लोकांनी केलेलं कौतुक लेकरांपुढं वाचून दाखवायचंय. पुण्याची निलम, माझी जुनी विद्यार्थिनी, तिच्या कॉलेजातून तो पेपर काढून देणार. तिला म्हटलं, थेट रामकिशनलाही पाठव. वेळ वाचेल.

१५ जानेवारी.
वेळ वाचला.
नॉर्वेवाल्यांचा पेपर शेतातल्या नेटवर्कवर आहे. पान नऊ: "या संशोधनाचा सगळा निष्कर्ष वरच्या दोन ओळींत आला आहे. दाट पानांत निरोप हरवतो. पुढची अकरा पानं त्यात काही भर घालत नाहीत." मग दोन्ही ओळी मराठीत जशाच्या तशा, सोबत इंग्रजी अनुवाद. खाली: खुर्शीदबी, वसमत. माझं नाव शेवटच्या यादीत, बारीक अक्षरात.
तरी विचार केला तर, ओळी निवडल्या कुणी? मीच ना!

१६ जानेवारी.
रामकिशनचा फोन. आधी हवापाणी. मग खाकरला. सर, रागावू नका, लेकरं कालपास्नं त्याच दोन ओळी चालीवर म्हणून राहिली. सिरियलवालाही कॅन्सल केला. कमिटी म्हणते, चाचीला घेऊन येता का?
खुर्शीदबी म्हणाली, मी? काहून? मला येतं काय?
दोन ओळी, म्हणालो.
तेवढ्याच येतात.
तेवढ्याच लागतात, म्हणालो. आवाज थोडा बसला होता. थंडी आहे.
नेमसिंग कुंपणावरून ओरडला, म्हंजे सर, जिलेबी चाचीची होती म्हणायची!

१८ जानेवारी.
भाषण खिशात राहू देणार. ऐनवेळी आग्रह होतोच.

२४ जानेवारी. संध्याकाळ.
आग्रह झाला नाही.
रामकिशननं ओळख करून दिली: वसमतच्या कवयित्री खुर्शीदबी, आणि पहिल्या रांगेत त्यांचे यजमान. ती पदर सारखा करत चढली, दोन ओळी म्हणाली आणि स्टेजवरच बसली. सगळ्या पोरांनी त्या उचलल्या, मांडवाचं कापड हललं. तिनं तिथूनच माझ्याकडं पाहिलं, बराबर झालं का म्हणून. मी मान हलवली. टाळीला हात मोकळे नव्हते. तिच्या सत्काराची शाल आणि नारळ मीच मांडीवर धरून होतो.
आणि नेमकं तेव्हाच तिसरं कडवं आठवलं. चालीसकट, अख्खं.
कुणी विचारलं नाही.