सात नंबरच्या बोअरच्या दोन पेट्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा भूवैज्ञानिक (निवृत्त), हे मृत्युपत्र राहत्या घराच्या मागच्या खोलीत स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी आज सकाळी तपासून सांगितले. फुप्फुसांबद्दल बोलायचे ते टाळतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक व घरातील सामान माझ्या एकुलत्या एका मुलीचे. छत गळते, हे तिला ठाऊक आहे. माझा हातोडा जावयाला. खिळे ठोकायला त्याने तो दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. आता खुशाल ठोकावेत. शिडी शेजारच्या शिंप्याला. ती नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे, मी फक्त भांडण मिटवतो.

२. पलंगाखालच्या दोन लाकडी पेट्या कोणी ओतू नयेत. त्यात तांब्याच्या शोधासाठी घेतलेल्या सात नंबरच्या बोअरचा कोअर आहे, म्हणजे ड्रिल मशीनने जमिनीतून काढलेले दगडाचे दांडके. ज्या डोंगरातून तो निघाला, तिथे रस्ता संपल्यावर दीड दिवस चालावे लागे. वरच्या दगडांवर तांब्याचा हिरवा डाग होता. खाली काळा, ठिसूळ दगड, त्यात पांढऱ्या गारगोटीची एक शीर आणि शिरेत तांब्याचे पिवळे खनिज. शीर हातभर जाडीची. तेवढ्यासाठी कोणी खाण काढत नाही.

मी मात्र ती दहा मीटर जाडीची करून ठेवली. कशी, ते लिहितो.

या दोन पेट्या तंबूत नेताना माझ्या हातून पडल्या. कोअरचे बोटभर तुकडे आणि खोली लिहिलेले लाकडी ठोकळे सगळीकडे विखुरले. तुटलेली टोके एकमेकांशी जुळवत बसायचे, हा आमच्या कामाचा पहिला धडा. त्याला दोन दिवस लागले असते आणि खाणीच्या कार्यालयातले साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. मी अंदाजाने भरले. हातभर शिरेचे तुकडे मीटर-मीटरच्या दहा ओळींत पसरले. साहेबांनी पाहिले आणि मला मिठी मारली.

त्या मिठीपायी शेजारी आणखी चार बोअर घेतले. चारही कोरडे, तांब्याचा कणही नाही. मग चौकशी लागली. कोअर पेटीत भरणे हे ड्रिलरचे काम, म्हणून बोट त्याच्याकडे गेले. मशीन चालू राहावे म्हणून त्याने मुद्दाम तुकडे पसरले, असा ठपका आला. पेट्या पडल्या तेव्हा तो खाली ओढ्यावर पंप दुरुस्त करत होता. त्याला काहीच माहीत नव्हते. मला विचारले, तेव्हा मी म्हणालो, "मी पाहिलं नाही."

तो ड्रिलर माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ.

त्याला पुन्हा कोणी मशीनला हात लावू दिला नाही. शाळेच्या दाखल्यावर त्याच्या मुलांनी बापाचा धंदा रखवालदार असा लिहिला. शरमेने त्याने आमच्याकडे येणे सोडले. पत्नी मला म्हणायची, "तुम्ही तिथे होतात ना? माझा भाऊ असं करेल का हो?" मी पेपर वर धरायचो. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा तो फाटकाबाहेर उभा राहून निघून गेला. खरे काय ते तिला शेवटपर्यंत सांगितले नाही, याचे मला जे दुःख आहे त्याला कोणतेही कलम पुरणार नाही.

तो डोंगर सोडला तेव्हा या पेट्या मी घरी आणल्या. निवृत्तीनंतर एक एक टोक जुळवले. सगळे जुळले. शीर हातभरच निघाली.

३. दोन्ही पेट्या, जुळवलेल्या कोअरच्या नोंदीसह, कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला द्याव्यात. कलम दोनची प्रत मी खाणीच्या कार्यालयाला आजच पाठवली आहे. वाटणीपूर्वी कलम दोन ड्रिलरच्या मुलांसमोर मोठ्याने वाचावे.

४. माझे भिंग. माझ्या लग्नात ड्रिलरने पहिल्या पगारातून ते मला घेऊन दिले. दगडातले सगळे मी त्यातूनच पाहिले. ते त्याला परत जावे अशी माझी इच्छा. पण वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, आणि दुसरा साक्षीदार तोच असावा अशीही माझी इच्छा आहे. पत्र पाठवून त्याला बोलावले आहे. पुढच्या खोलीत बसला आहे, पाणीसुद्धा घेतलेले नाही. हे कागद मी आता त्याच्या हातात देतो. भिंग घ्यायचे की सही करायची, हे त्याने ठरवावे. दोन्ही नको असेल तर शिंप्याला हाक मारीन. ड्रिलरला मी काही म्हणणार नाही. म्हणायची वेळ एकतीस वर्षांपूर्वी होती.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेअकरा

मृत्युपत्र करणाऱ्याची सही (शिंप्याने साक्षीदार म्हणून सही केल्यास त्याला शिडी देणे रद्द समजावे)

साक्षीदार १: सही. धंदा: डॉक्टर. लिहून देणारे पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २: दोनदा वाचलं. भिंग भाचीकडे राहू दे. भावोजी, ताई होती तेव्हा बोलायला हवं होतं. सही.
धंदा: ड्रिलर.