एकदम बरोबर

२४ फेब्रुवारी, सोमवार
मारुंजी गावातल्या दवाखान्यात दाताला कॅप बसवली. उजवीकडे, खालच्या दाढेला. डॉ. ज्ञानदांनी निळा कागद तोंडात धरला, चावा म्हणाल्या. उंच लागतेय का? लागत होती, भातात खडा यावा तशी. पण घासायचं मशीन त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी पायाने पेडल दाबून ते उगाचच एकदा घुर्र केलं. म्हणालो, एकदम बरोबर. घाबरलो वगैरे नाही. त्यांचा वेळ वाचवला.

२५ फेब्रुवारी, सकाळी
पोह्यात शेंगदाणा आला. थेट मेंदूत कळ! आई गं!! बायकोला, सुनीतीला समजावलं, नवी चप्पल चार दिवस चावतेच. ती म्हणाली, चप्पल काढून ठेवता येते.
निश्चय: फक्त डावीकडून जेवायचं.

२६ फेब्रुवारी
भरे गावातल्या आमच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून चार मार्चला, सुरक्षा दिनाला, माझं भाषण. यंदाचं घोषवाक्यही माझंच: 'छोटी तक्रार, लगेच सांगा!' फ्लेक्सवर माझा फोटो, हसरा. गेल्या महिन्यातला.
कँटीनच्या सगुणाबाई सगळ्यांसमोर ओरडल्या, आवं सायेब, भाकर कुस्करून का खाताय, दात पडलं व्हय? म्हटलं, ॲसिडिटी. तेव्हापासून मला वेगळी मऊ गिचगिचीत खिचडी देतात, वर मीठ कमी.

२८ फेब्रुवारी
आता वरची दाढही ठणकतेय. तिला तर कोणी हातही लावला नव्हता! म्हणजे पसरतंय. काय, ते माहीत नाही. मोबाईलवर बघितलं: जबडा दुखणे, हृदयविकाराचे लक्षण. बाथरूममध्ये छातीवर हात ठेवून बसलो. कडी लावली नाही, सुनीतीला दार तोडायला नको.
मला भीती वाटतेय. लई भीती. इथे लिहायला हरकत नाही.

१ मार्च
डॉक्टरांना फोन. म्हटलं, माझ्या एका मित्राला असं असं होतंय. त्या म्हणाल्या, मित्राची कॅप उंच आहे, चावताना वरच्या दाढेवर मार बसतोय. अर्ध्या मिनिटाचं घासायचं काम. अंगावर काढलं तर वरची दाढ हलेल, मग कदाचित काढावीच लागेल. घाम फुटला. मित्राला कळवतो म्हटलं.
फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, सोमवारी या हं, दादासाहेब.

३ मार्च, सोमवार
गेलो. खरंच गेलो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर घुर्र ऐकलं आणि पाय आपोआप वळले. घरी सांगितलं, डॉक्टर बिझी होत्या. सुनीतीने लगेच फोन लावला. दवाखाना रिकामा होता म्हणे. घुर्र खालच्या ज्यूसवाल्याच्या मिक्सरचं.
सुनीती दिवसभर बोलली नाही. एका अर्थी बरंच, मला तरी कुठे तोंड उघडता येत होतं.

४ मार्च
भाषण जोरात. 'तक्रार गिळणारा माणूस स्वतःचा वैरी असतो!' म्हणून जबडा मिटला आणि दाढेवर दाढ आपटली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोकांना वाटलं, साहेब गहिवरले. टाळ्याच टाळ्या.
नंतर प्रेस मशीनवरचा कैलास आला. म्हणाला, मशीनचं गार्ड ढिलं हाय सायेब, लई दिस झालं. बोलायला भ्या वाटत व्हतं, आज तुमी बोलला म्हनून आलो. बघितलं तर खरंच! एखाद्या दिवशी हात गेला असता पोराचा. तिथल्या तिथे बोल्ट आवळून घेतला. जाताना त्याने विचारलं, सायेब, तुमचं तोंड का सुजलंय?
म्हटलं, काही नाही.
मागे फ्लेक्सवर मी हसत होतो. उद्या जायचंच. मरण आलं तरी.

५ मार्च, संध्याकाळी
सुनीती सोबत आली, दारात उभी राहिली, बहुधा पळायची वाट अडवायला. खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं: उंच आहे, पहिल्या दिवसापासून उंच आहे, मी खोटं बोललो. डॉक्टर हसल्या. मी खुर्चीचे हात धरले, डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं. घुर्र. झालं! काहीही दुखलं नाही. एवढ्यासाठी मी छातीवर हात ठेवून बसलो होतो?
मग निळा कागद. आता कसं वाटतंय?
खूपच बरं. फक्त एका टोकाला, तिळाएवढं, अजून लागत होतं. सांगणारच होतो. त्यांचा पाय अजून त्या मशीनच्या पेडलवरच होता.
म्हणालो, एकदम बरोबर.
घरी सुनीतीने आनंदाने कडक भाकरी केली. पोटभर जेवलो. डावीकडून.