कमरेइतकं पाणी

३ मार्च
आज शेजारणीच्या सहा वर्षांच्या नातीची कंबर मोजली — माझ्या नावाने! मोजली माझ्या नातीने. ती भूगोलात डॉक्टर होतेय. सुई टोचणारी नव्हे, नकाशे काढणारी. एका कंपनीला आमच्या नदीकाठी मुलींचं वसतिगृह बांधायचंय. जोतं किती उंच घ्यायचं ते हिने सांगायचं. मोठा पूर पाहिलेली आता मीच उरले. म्हटलं, “मी सहा वर्षांची, पाणी कमरेला लागत होतं.” जमिनीपासून कंबर सव्वादोन फूट भरली. चौथीत शाळा सुटलेली मी, आणि माझी रेघ नकाशावर!
त्याच पुरात बाबा गेले. गाय सोडायला परत फिरले, असं आई सांगायची.

५ मार्च
कंपनीचा साहेब घरी आला. नात विचारत होती — पाणी कुठून शिरलं, गोठा कुठे होता. साहेबाचं लक्ष घड्याळात. “मॅडम, प्रबंध नंतर लिहा. मला आकडा द्या.” दिला. चहा अर्धा टाकून गेला मेला.
“आजी, अजून खूप विचारायचं होतं गं.”
“विचार की! मी कुठे पळतेय, या गुडघ्यांनी?”
पण तिला रिपोर्टची घाई.

१८ एप्रिल
जोतं साडेतीन फूट ठरलं. गुडघ्याला तेल चोळलं.

१० जून
जोतं ठरून वर्ष उलटलं की! वसतिगृह भरलं. लहान मुली तळमजल्यावर, जिना नको म्हणून. खिडक्यांत फ्रॉक वाळतात. माझ्याच कमरेवर उभं आहे ते, असं मी सगळ्यांना सांगते. परवापासून पावसाने जोर धरलाय, नदी गढूळ झालीय.

११ जून
नात आली. आता स्वतःच्या प्रबंधासाठी. साहेब नाही, घड्याळ नाही. छान ऐसपैस बसलो.
“तेव्हा तू उभी कुठे होतीस, आजी?”
“अगं, बाबांच्या खांद्यावर! वर वाशाला धरून. त्यांनी माझे घोटे असे घट्ट धरलेले —” मी हसतच सांगत होते.
तिचं पेन थांबलं.
“आणि पाणी कमरेला... तुझ्या?”
“माझ्याच. मग कुणाच्या?”
फोन घेऊन बाहेर पळाली. “तळमजला रिकामा करा, आत्ताच्या आत्ता!” ओरडत होती नुसती. आत आली ती पांढरीफटक. साहेब म्हणे, “रिपोर्टवर सही तुमचीच आहे ना? सोमवारी बघू.”
तशीच छत्री न घेता वसतिगृहाकडे गेली, मुलींना वर न्यायला.

१२ जून
बाबा गाय सोडायला गेलेच नव्हते. माझ्या खालीच होते.