परक्या नदीकाठचं गाव

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपलं भांडण मिटलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. परदेशातल्या आपल्या प्लेनोच्या घरातलं स्वयंपाकघर. तुम्ही चहा गाळताय आणि मी सांगतेय, कॉम्प्युटर सोडून मी इतिहासात पीएचडी करणार. विषय, हॉलंडमधलं नदीकाठचं एक लहानसं खेडं आणि ते कसं वसलं. तुम्ही गाळणं ओट्यावर ठेवलंत. "लोक इथे येऊन पुढचं शिकतात. तू मागचं शिकणार, तेही परक्यांचं?" आई म्हणाली, जेवून घ्या, मग बोला. आपण जेवलो नाही आणि बोललोही नाही.

मी केलंच. नदीने आणून टाकलेल्या वाळूच्या उंचवट्यावर आधी तिथे मोजकी घरं होती. पूर यायचे, म्हणून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या माती, शेण, घरातला केर टाकत जमीन उंच केली, तिच्यावर चर्च बांधलं, मग काठाने बांध घातला. एकदा तो फुटला आणि तिथे खोल डोह पडला. डोह बुजेना, तेव्हा त्यांनी नवा बांध त्याला वळसा घालून नेला. तिथे तो आजही वाकडा आहे. जर्सी सिटीतल्या एका छोट्या सभेत मी हे सांगत होते आणि तुम्ही न कळवता येऊन मागच्या रांगेत बसला होतात. शेवटी हात वर करून विचारलंत, इतके पूर आले तर ते लोक गाव सोडून का गेले नाहीत? मी म्हटलं, त्यांना गाव सोडायचं नव्हतं.

सभेतून माझ्या घरी परतताना मी ड्राइव्ह करत होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आम्हाला सांगितलं, धरण होणार, उठा. आम्ही उठलो." तोवर मला वाटायचं, तुम्ही तालुक्याच्या गावचे. तुमचं गाव कुणी वसवलं, कसं होतं, मी विचारत राहिले. "पाण्याखालच्या गावाला कसला इतिहास," असं म्हणून तुम्ही रेडिओ लावलात.

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. परक्यांची शेणमाती मी वर्गात अभिमानाने शिकवते, मग तुमच्या आज्या-पणज्यांनी सारवलेली जमीन कमी का मानू? तुम्ही गप्प राहिलात. मी राहणार नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मी तिथे जाणार आहे. जागा दाखवायला काका येणार आहेत. म्हणाले, "ये. दादाने कधी विषयच काढू दिला नाही."

हे पत्र मिटून ठेवण्याआधी एक सांगते. त्या डच खेड्याचं नाव कसकसं बदलत गेलं, ते मला तोंडपाठ आहे. तुमच्या गावाचं नाव मात्र परवा काकांना फोनवर विचारावं लागलं.